थकलेली मुले आणि मदरशाचे वेळापत्रक

इंडोनेशियातल्या पश्चिम जावात पहाटेची फजरची नमाज बाराही महिने साधारण चार ते पावणेपाचच्या दरम्यान येते. प्रदेश विषुववृत्ताजवळचा असल्याने दिवस तिथे फारसा लहान-मोठा होत नाही. निवासी मदरशातला विद्यार्थी या वेळेच्या आधीच उठलेला असतो. नमाजेनंतर कुराणपठण, मग आंघोळ, न्याहारी आणि सातच्या सुमारास शाळेची घंटा. दुपारी तीनपर्यंत गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी, इंडोनेशियन भाषा आणि त्यांच्या जोडीला अरबी, फिकह (इस्लामी धर्मनियम), हदीस (पैगंबरांची वचने), इस्लामी इतिहास. तिसऱ्या प्रहरच्या अस्र नमाजेनंतर खेळ किंवा जादा वर्ग, सूर्यास्ताच्या मगरिबनंतर पाठांतर, रात्रीच्या इशानंतर अभ्यास. दिवे मालवेपर्यंत दहा वाजतात. झोपेसाठी उरतात सहा तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये केली. त्या हिशेबाने या मुलांवर रोज किमान दोन तासांची थकबाकी चढते आणि सुट्टीच्या एका दिवसात ती फिटत नाही.

हे वेळापत्रक कुणी वाईट हेतूने आखलेले नाही. त्यातला प्रत्येक तास कुणीतरी मायेने वाढवलेला आहे. मुलाने धर्मही शिकावा आणि इंजिनिअरही व्हावे, ही पालकांची इच्छा. आपल्या मदरशाची मुले सरकारी शाळांपेक्षा कुठेही कमी पडू नयेत, हा शिक्षकांचा आग्रह. पण या सगळ्या चांगल्या इच्छांची बेरीज शेवटी एकाच मुलाच्या अंगावर पडते. ते मूल खचले की त्याला समुपदेशकाकडे पाठवले जाते. समुपदेशक अर्धा तास बोलतो, धीर देतो, आणि मूल पुन्हा त्याच दिनक्रमात परत जाते. शाळेतल्या समुपदेशनाचा खरा प्रश्न इथे आहे. ज्याला मुलांचा थकवा दिसतो, त्याला वेळापत्रकावर बोलण्याचा अधिकार नसेल, तर त्याची सेवा मलमपट्टीच्या पुढे जाणार नाही.

इंडोनेशियातला मदरसा

मदरसा म्हटले की आपल्याकडे केवळ धार्मिक शिक्षण देणारी संस्था डोळ्यांपुढे येते. इंडोनेशियातला मदरसा ही पूर्ण शाळा आहे. मद्रसा इब्तिदाइया ही सहा वर्षांची प्राथमिक शाळा, मद्रसा सनाविया ही तीन वर्षांची माध्यमिक आणि मद्रसा आलिया ही तीन वर्षांची उच्च माध्यमिक. या सर्व शाळा शिक्षण मंत्रालयाऐवजी धर्मव्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. 1975 मध्ये तीन मंत्र्यांनी मिळून काढलेल्या एका निर्णयाने त्यांना आजचे रूप मिळाले. अभ्यासक्रमात सत्तर टक्के सामान्य विषय आणि तीस टक्के धार्मिक विषय असावेत असे ठरले, आणि मदरशाच्या प्रमाणपत्राला सामान्य शाळेच्या प्रमाणपत्राइतकाच मान मिळाला. विद्यापीठाचे दार त्यामुळे मदरशातल्या मुलांना उघडले.

या निर्णयाने मुलांचे भले झाले, आणि त्याच निर्णयाने त्यांचे दप्तरही जड केले. स्पर्धा सामान्य शाळेतल्या मुलांशी, म्हणून विज्ञान-गणित कमी करता येत नाही. ओळख इस्लामी, म्हणून कुराण-हदीस, अकीदा-अखलाक (श्रद्धा आणि नीती), फिकह, इस्लामी सांस्कृतिक इतिहास आणि अरबी हे पाच विषय सोडता येत नाहीत. त्यात अनेक मदरसे पसान्त्रेनला, म्हणजे कियाईंच्या (प्रमुख धर्मगुरूंच्या) देखरेखीखालच्या निवासी धार्मिक शाळेला, जोडलेले असतात. तिथे शाळा सुटल्यावर दुसरी शाळा सुरू होते.

दिवसाचे तास किती असावेत, हा तिथे राष्ट्रीय वादाचाही विषय झाला आहे. 2017 मध्ये शिक्षणमंत्री मुहाजिर एफेंदी यांनी आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास शाळा, असा नियम काढला. नहदतुल उलामा या मोठ्या धार्मिक संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. सकाळी सरकारी शाळेत आणि दुपारी गावातल्या, केवळ धार्मिक शिक्षण देणाऱ्या वेगळ्या मदरशात जाणारी लाखो मुले होती; दिवसभराची शाळा आली तर दुपारचे मदरसे ओस पडतील, ही त्यांची भीती. अखेर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी वेगळा आदेश काढून पाच दिवस की सहा, हे ठरवण्याची मोकळीक शाळांना दिली. या वादात धर्म, परंपरा आणि राज्यसंस्था यांचे म्हणणे ठळकपणे ऐकू आले. मुलाच्या शरीराला आणि मनाला किती तास पेलतात, हा प्रश्न मात्र मागे पडला.

थकवा आणि बर्नआउट

साधा थकवा झोपेने जातो. बर्नआउट झोपेने जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये ही अवस्था पहिल्यांदा मांडली, ती सेवाभावाने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. 2002 मध्ये विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी ती विद्यार्थ्यांसाठी बदलून घेतली, आणि 2009 मध्ये फिनलंडच्या कातारीना साल्मेला-आरो यांच्या गटाने खास शाळकरी मुलांसाठी प्रश्नावली दिली.

या सर्व मोजमापांत तीन खुणा समान आहेत. पहिली, अभ्यासाच्या नुसत्या विचारानेही गळून जाणे. दुसरी, शिकण्याबद्दल मन उडणे. हे सगळे कशासाठी, असे वाटू लागणे. तिसरी, आपल्याला काही जमतच नाही ही भावना पक्की होणे. विहिरीतून उपसा सतत चालू राहावा आणि झरा मात्र भरून यायला वेळच मिळू नये, तसे हे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. ती व्याख्या नोकरीपुरती आहे, पण तिच्यातला विचार शाळेच्या कामाचा आहे. अवस्था परिस्थितीतून येत असेल, तर उपायही परिस्थितीवर करावा लागतो.

इथे एक काळजी घ्यायला हवी. नैराश्य आणि बर्नआउट वरवर सारखे दिसतात. बर्नआउटमध्ये मन उडते ते मुख्यतः अभ्यासावरून. सुट्टीत घरी गेलेले मूल हसते-खेळते. नैराश्य घरी, मित्रांत, खेळातही पाठ सोडत नाही. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणारे मूल शाळेच्या पातळीवर हाताळायचे नसते. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावे लागते.

श्रद्धा असलेल्या शाळेतली अडचण

इस्लामी शाळेत बर्नआउटला एक जादा पदर असतो. गणिताचा कंटाळा आला तर मूल मित्राला सांगू शकते. कुराणाच्या पाठांतराचा कंटाळा आला, तर ते स्वतःशीसुद्धा कबूल करायला घाबरते. आपले इमान, म्हणजे श्रद्धा, कमी झाले, आपण पापी आहोत, असे त्याला वाटते. म्हणून ते लपवते. थकव्यावर अपराधाचे ओझे चढते, आणि ते ओझे हलके करायला मूल आणखी जागते, आणखी पाठ करते. शिक्षकांनाही ते आळशी किंवा हट्टी वाटू लागते.

पाठांतराचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मदिनेच्या छापील प्रतीत कुराणाची 604 पाने येतात आणि त्यांचे तीस भाग, म्हणजे जुझ, होतात. तीन वर्षांत सगळे कुराण तोंडपाठ करायचे आणि वर्षाला दोनशेच्या आसपास दिवस हाताशी आहेत असे धरले, तर रोज एक नवे पान पडते. ते उस्तादांपुढे म्हणून दाखवायचे, याला तिथे ‘सेतोरान’ म्हणतात. पण एवढ्यावर भागत नाही. पाठ झालेले विसरू नये म्हणून मागच्या पानांची उजळणी, म्हणजे मुराजआ, रोज करावी लागते. इतिहासाचा धडा परीक्षा झाली की बाजूला ठेवता येतो. इथे पुढे जावे तसे मागचे ओझे वाढते. पहिल्या महिन्यात उजळणीला वीस पाने असतात, दुसऱ्या वर्षाअखेरीस चारशे. सगळे मदरसे पूर्ण कुराणाचा आग्रह धरत नाहीत. पुष्कळ ठिकाणी मोजकेच जुझ ठरलेले असतात. पण जिथे पूर्ण पाठांतर आहे, तिथे दुसऱ्या वर्षात मूल अडखळले तर त्याची निष्ठा तपासण्याआधी उजळणीची पाने मोजावीत.

शाळेचा पोलीस

इंडोनेशियाच्या शाळांमध्ये समुपदेशन नवे नाही. 1975 च्या अभ्यासक्रमात ‘बिम्बिंगान’, म्हणजे मार्गदर्शन, अधिकृतपणे आले. त्याच वर्षी मलांग शहरात या क्षेत्रातल्या शिक्षकांची संघटना स्थापन झाली. 2003 च्या शिक्षण कायद्याने समुपदेशकाला शिक्षकाइतकेच शिक्षणकर्मी म्हणून मान्य केले. 2014 च्या नियमाने सेवेची चौकट आखून दिली. वैयक्तिक, सामाजिक, अभ्यास आणि व्यवसायनिवड ही चार क्षेत्रे ठरली. सर्वांसाठी मूलभूत मार्गदर्शन, प्रत्येकाच्या वाटचालीचे नियोजन, अडचणीतल्या मुलाला मदत आणि यंत्रणेला आधार असे चार घटक ठरले. दर दीडशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा आणि आठवड्याला दोन तासिका वर्गात या कामासाठी द्याव्यात, असेही त्यात आहे.

कागदावरची ही चौकट उत्तम आहे. पण इंडोनेशियातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला ‘गुरू बेका’ (शाळेतला समुपदेशक) म्हणजे कोण, असे विचारा. ‘शाळेचा पोलीस’ हे उत्तर हमखास येते. उशीर झाला, केस वाढले, मोबाइल सापडला, की मुलाला बेकाच्या खोलीत पाठवतात. शिस्तभंगाच्या गुणांची वही बहुतेक ठिकाणी त्याच टेबलावर असते. शिक्षा लिहिणारा आणि मनातले ऐकणारा माणूस एकच असेल, तर मूल कशासाठी तोंड उघडेल? इमान डळमळल्याची भीती वाटणारे मूल तर मुळीच उघडणार नाही.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय किशोर मानसिक आरोग्य पाहणीत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण दर तिसऱ्या मुलाला आदल्या वर्षभरात मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार होती. अशा मुलांपैकी केवळ 2.6 टक्क्यांनी कुठली तरी मदत किंवा समुपदेशन घेतले होते. मदतीचे दार शाळेतच असूनही ते दार ठोठावले जात नाही, याचा विचार प्रत्येक मुख्याध्यापकाने करायला हवा.

दीडशेच्या आकड्यातही एक पेच आहे. शिक्षकांविषयीच्या 2008 च्या सरकारी नियमाने समुपदेशकाला पूर्ण कामाचे श्रेय मिळायला वर्षाला किमान दीडशे विद्यार्थी सांभाळण्याची अट घातली होती. मुलांच्या सोयीसाठी जो आकडा कमाल मर्यादेसारखा हवा, तोच शिक्षकाच्या भत्त्यासाठी किमान अट झाला. दहातले नऊहून अधिक मदरसे खासगी आहेत आणि त्यांतले पुष्कळ लहान आहेत. सव्वाशे मुलांच्या मदरशाला पूर्णवेळ समुपदेशक परवडत नाही. मग धर्मविषयाच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाकडे ही जबाबदारी जोडून दिली जाते. दोन-तीन जवळच्या मदरशांनी मिळून एक प्रशिक्षित समुपदेशक वाटून घेणे, हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. एकाहून अधिक संस्थांतले विद्यार्थी मोजण्याची मुभा त्याच 2008 च्या नियमात होती.

सेवा चालवायची कशी

व्यवस्थापन म्हणजे इथे चार कामे: गरज ओळखणे, माणसे जोडणे, प्रत्यक्ष सेवा देणे आणि परिणाम तपासणे. यातले पहिलेच काम बहुधा घाईत उरकले जाते. वर्षाच्या सुरुवातीला मुलांकडून गरजांची प्रश्नावली भरून घेतात, ती फाइलला लागते आणि वार्षिक योजना मागच्या वर्षाचीच उतरवली जाते. बर्नआउट कमी करायचा असेल तर प्रश्नावलीइतकीच शाळेत आधीपासून साठलेली माहिती वाचायला हवी. आरोग्यकक्षाची वही काढावी. डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ अशा तक्रारी कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणत्या वर्गातून जास्त येतात ते पाहावे. सेतोरान कधीपासून हुकू लागले ते उस्तादांच्या नोंदीत असते. पहिल्या तासाला कोण पेंगतो ते वर्गशिक्षकाला ठाऊक असते. या तीन नोंदी महिन्यातून एकदा शेजारी ठेवल्या, तर खचत चाललेले मूल कोसळण्याआधी कितीतरी आठवडे दिसते.

दुसरे काम माणसांचे. निवासी मदरशात मुलाला सर्वांत जवळून पाहतो तो वसतिगृहाचा मुशरिफ, म्हणजे देखरेख करणारा. रात्री कोण जागतो, कोण जेवत नाही, कोण एकटा बसतो, हे त्याला माहीत असते. पण पुष्कळदा तो स्वतः नुकताच शिकून बाहेर पडलेला तरुण असतो आणि त्याला यातले काहीच प्रशिक्षण नसते. वर्गशिक्षक, पाठांतराचे उस्ताद, मुशरिफ, आरोग्यकक्ष आणि समुपदेशक यांची एक नियमित बैठक असावी, आणि तिच्यात मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करता केवळ त्याला काय सवलत हवी एवढेच ठरावे. मुलींसाठी स्त्री समुपदेशक असणे या शाळांमध्ये अनिवार्यच समजावे. शिस्तभंगाची वही समुपदेशकाच्या खोलीतून उचलून उपमुख्याध्यापकाकडे न्यावी. याला पैसा लागत नाही, आणि यासारखा परिणामकारक बदल दुसरा नाही.

तिसरे काम सेवेचे. थकलेल्या प्रत्येक मुलाला खोलीत बसवून बोलणे एका माणसाला शक्य नाही, त्याची गरजही नसते. आठवड्याच्या दोन तासिका मिळाल्या तर अभ्यासाचे नियोजन, झोप, नकार कसा द्यावा, मदत कशी मागावी, हे साऱ्या वर्गाला शिकवता येते. ज्यांचे पाठांतर अडले आहे अशा आठ-दहा जणांचा गट एकत्र बसवला, तर आपण एकटेच नाही हे कळूनच अर्धी अपराधभावना ओसरते. प्रशिक्षण दिलेले मोठे विद्यार्थी धाकट्यांसाठी सोबती म्हणून काम करू शकतात, मात्र गंभीर गोष्ट कानावर आली तर ती लगेच समुपदेशकाला सांगायची, ही शिकवण त्यांना आधी द्यावी. शाळेच्या आवाक्याबाहेरचे मूल पुस्केस्मास या सरकारी आरोग्यकेंद्राकडे आणि तिथून तज्ज्ञाकडे जाते. त्या केंद्रातले कोण, कधी भेटेल, हे गरज पडण्यापूर्वी ठरलेले असावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: शैक्षणिक वर्षाचे कॅलेंडर आखले जाते त्या बैठकीत समुपदेशकाला जागा हवी. सहामाही परीक्षा, पाठांतराची मोठी चाचणी आणि आंतरशालेय स्पर्धा एकाच पंधरवड्यात येत असतील, तर ते थांबवणारा कुणीतरी तिथे बसलेला हवा. परीक्षेच्या आठवड्यांत नवे पान बंद ठेवून फक्त उजळणी घ्यावी, हा निर्णय उस्ताद आणि समुपदेशक मिळून घेऊ शकतात. वेळापत्रक बदलता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी रमजान आठवावा. त्या महिन्यात तासिका आखूड होतात, दिवसाची घडी पार बदलते आणि शाळा तरीही नीट चालतात.

चौथे काम तपासणीचे. किती मुलांना भेटलो, किती तासिका घेतल्या, हे आकडे अहवालात शोभतात; पण त्यांतून मुलांचे काय झाले ते कळत नाही. तीच बर्नआउट प्रश्नावली वर्षारंभी, मध्यावर आणि अखेरीस, मुलांची नावे न घेता भरून घ्यावी. मुले आपणहून किती आली, हा आकडाही वेगळा मोजावा. पाठवलेली मुले कमी आणि आलेली मुले जास्त होत गेली, तर विश्वास बसू लागला असे समजावे.

परंपरेतच असलेला आधार

विश्रांतीची आणि खेळाची ही भाषा बाहेरून आणलेली आहे, असा आक्षेप मदरशात येऊ शकतो. त्याचे उत्तर मदरशाच्या स्वतःच्या कपाटात आहे. इस्लामी विचारवंत अल-गझाली यांनी अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर लिहिलेल्या ‘इह्या’ या ग्रंथात मुलांच्या संगोपनाचा विचार करताना स्पष्टपणे सांगितले आहे की, अभ्यासानंतर मुलाला खेळू द्यावे. त्याला खेळापासून तोडून सतत शिकण्याला जुंपले तर त्याचे हृदय मरते आणि बुद्धी बोथट होते. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’त विद्यार्थ्यांवरील कठोरपणाच्या दुष्परिणामांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले: जाच सोसलेले मूल खोटेपणा शिकते आणि त्याची उमेद खुंटते. दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी तर शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्रित ग्रंथ रचून मनाच्या दुखण्यांना शरीराच्या दुखण्यांइतकेच महत्त्व दिले. दुपारची छोटी झोप, कैलूला, ही तर पैगंबरांच्या काळापासून चालत आलेली रीत मानली जाते. दुपारच्या जुहर नमाजेनंतर अर्धा तास कैलूलाला दिला, तर वसतिगृहातल्या मुलांची झोपेची तूट काही अंशी भरते, आणि त्यासाठी कुणाला धर्मशास्त्राशी वाद घालावा लागत नाही.

धार्मिक शाळेची हीच खरी ताकद आहे. साध्या शाळेत समुपदेशकाचा शब्द हा तज्ज्ञाचा सल्ला ठरतो. मदरशात कियाईंनी स्वतः उभे राहून सांगितले, की शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे आणि थकणे म्हणजे श्रद्धा सुटणे नव्हे, तर त्या एका वाक्याने शेकडो मुलांच्या मनावरचा दगड उतरतो. समुपदेशकाने कियाईंना सोबत घेतले पाहिजे, आणि कियाईंनी समुपदेशकाला विश्वासात घेतले पाहिजे.

आपल्याकडेही हा विचार कामाचा आहे. जुलै 2025 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असे निर्देश दिले. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण इंडोनेशियाकडे असा नियम 2014 पासून आहे, आणि नियम असूनही मुले दार ठोठावत नाहीत. माणूस नेमला म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. नेमलेल्या माणसाला शिक्षेच्या कामातून मोकळे करा, त्याच्या तासिका दुसऱ्या विषयाला देऊ नका, त्याच्या कानावर पडलेले गुपित राखू द्या, आणि ज्या टेबलाभोवती मुलांचा दिवस आखला जातो तिथे त्याला बसवून, हा तास कमी करा असे तो म्हणाला तर खरोखर कमी करा. मुलांना धीर देणे सोपे आहे. त्यांना वेळ परत देणे अवघड आहे, आणि शाळेने करायचे काम ते दुसरे आहे.